मुलांनी आजी-आजोबांकडून लिहून आणलेल्या ५८ वह्या माझ्याकडे आहेत. पुढे काय करू?

ऐरोलीची_बाई

नमस्कार मंडळी. मी १९ वर्षं मराठी शिकवते, सध्या नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात. माहेर मिरजेचं, लग्नानंतर ऐरोलीत आले. इथे गावठाणातली माणसं आहेत, ग्रंथालयात आयुष्य घालवलेली आहेत, म्हणून विचारते. थोडं लांबेल, पण नीट सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

यंदा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून लोकसाहित्य गोळा करायला लावलं. गणपतीच्या सुट्टीआधी सांगितलं, दिवाळीनंतर वह्या घेतल्या. घरातलं काही, सणाचं काही, राहतो त्या वस्तीचं काही. म्हण, गाणं, कोडं, भुताची गोष्ट, आडनाव कसं पडलं, अमुक वारी अमुक का खायचं नाही, काहीही चालेल. अट एवढीच की पुस्तकातलं नको, मोबाइलमधलं नको, माणसाच्या तोंडून ऐकलेलं हवं. आणि खाली सांगणाऱ्याचं नाव, वय, पत्ता.

५८ वह्या आल्या. वीसेक मोबाइलवरून उतरवलेल्या आहेत. गुढीला कडुनिंब का लावतात याचं तेच उत्तर त्याच स्वल्पविरामांसकट नऊ वह्यांत आहे. ते सोडून देते. उरलेल्या वह्यांनी मात्र माझी झोप उडवली.

वाशीगावातल्या एका मुलाने आजोबांकडून भरतीचा हिशोब लिहून आणलाय. आजोबा खाडीत जाळी टाकायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, असा तो हिशोब. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं. अष्टमीला आठ पाऊण सहा. एकादशीला अकरा पाऊण सव्वाआठ. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकपासून मोजायचं. एकदा सकाळची वेळ कळली की संध्याकाळची साधारण साडेबारा तासांनी. आजोबांना अख्खी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तोंडपाठ आहे. मुलाने तो शब्दच कधी ऐकला नव्हता, म्हणून त्याने समासात पेन्सिलीने पंधरापर्यंतची पाऊणकी उतरवून घेतली. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, आणि शेजारी थरथरत्या अक्षरात आजोबांनी स्वतः आकडा दुरुस्त केलाय. मी आठवडाभर वर्तमानपत्रातल्या वेळेशी ताडून पाहिलं. बरोब्बर जुळत नाही, कधी अर्ध्या तासाचा तर कधी तासाभराचा फरक येतो. पण भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, हे त्या हिशोबात चपखल बसलंय. घड्याळ हातात नसलेल्या माणसाला होडी कधी सोडायची हे कळायला एवढं पुरे. १९ वर्षं मी या खाडीच्या काठाने जाते-येते, मला हे ठाऊक नव्हतं.

सानपाड्याच्या एका मुलीने स्वतःच्या इमारतीबद्दल लिहिलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पुण्याच्या, त्यांचा भोंडला. चौथ्यावरच्या इचलकरंजीच्या, त्यांचा हादगा. सहाव्यावरच्या जळगावच्या, त्यांच्या घरी भुलाबाई, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर मांडलेली. पूर्वी तिघी आपापल्या दारात करायच्या. आता खाली मोकळ्या जागेत पाटावर हत्ती काढतात, त्याच्या शेजारी भुलाबाई-भुलोजी आणून ठेवतात आणि एकच फेर धरतात. गाण्यांचे शब्द जुळत नाहीत तिथे कुणी थांबायचं नाही, आपापलं म्हणायचं, असा नियम ठरलाय. खिरापत ओळखायला डबा कानाशी धरून हलवतात तेव्हा मात्र तिन्ही गावं एक होतात. हे मुलीचंच वाक्य आहे.

आता अडचणी.

ऐरोलीच्याच एका विद्यार्थिनीने शेजारच्या आगरी आजींकडून नोंद घेतली आहे. सणांच्या भागात ती लिहिते: “त्यांच्या काळात खाडीला होळी लागायची. मग सगळ्या बायका टोपल्या घेऊन धावत जायच्या.” मला वाटलं, खाडीकाठी होळी पेटवत असतील आणि टोपल्यांतून नैवेद्य नेत असतील. शेरा लिहिला, “छान, सविस्तर लिही.” पण मनात खुटखुट आहे. होळी ‘लागते’ असं कोण म्हणतं? आणि बायका धावतील कशाला? कुणाला काही सांगता येईल का? मुलांनी बोली सुधारून प्रमाण मराठीत लिहावं की जशी ऐकली तशी, हा प्रश्नही त्यातच आला. मी आतापर्यंत शुद्ध लिहा असंच सांगत आले.

दुसरं, सात जणांनी एकच गोष्ट लिहून दिली आहे. पामबीच रस्त्यावर रात्री पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते, ती. एकमेकांचं बघून लिहिलं असं समजून मी सातही जणांचे त्या भागाचे गुण कापले. ते बरोबर केलं का, याची आता खात्री वाटत नाही.

तिसरं मला सगळ्यात जड जातंय. कोपरखैरण्याच्या एका मुलीने आजीच्या ३१ ओव्या आणल्या आहेत. आजी साताऱ्याकडची, आजोबा माथाडी कामगार होते. ओव्या अशा आहेत की वाचताना हात थांबतो. पण शेवटच्या पानावर मुलीने पेन्सिलीने बारीक लिहिलंय: “आजी म्हणाली कुणाला दाखवू नको.” गुणांसाठी तिने वही मला दिली, आणि मी ती वाचून बसले.

आणि हे सगळं विचारायचं कारण. याआधी मी ज्या ठिकाणी शिकवत होते तिथेही असाच प्रकल्प केला होता. वह्या विभागाच्या कपाटात ठेवल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगकाम निघालं, कपाटं रिकामी केली, वह्या रद्दीत गेल्या. मला जूनमध्ये कळलं. ऑगस्टमध्ये एक मुलगा आला. त्याची आजी जुलैत गेली होती. तिच्या तोंडची पाच गाणी त्याच्या वहीत होती, घरात दुसरीकडे कुठेच नव्हती. “मॅडम, वही मिळेल का?” एवढंच त्याने विचारलं. मी त्याला काय सांगितलं ते इथे लिहवत नाही. या ५८ वह्या सध्या माझ्या घरी, माझ्या पलंगाखालच्या पेटीत आहेत. त्यांचं काय करू?

---

रबाळे_गावठाण

बाई, तुमची होळी आधी सोडवते.

आजी ‘होरी’ बोलल्या असतील. होरी म्हणजे होडी. आमच्या बोलीत ड चा र होतो. वाडी ती वारी, गाडी ती गारी, खाडी ती खारी. ळ चा ल होतो, म्हणून होळीला आम्ही होली बोलतो, होरी कधीच नाही. “खारीला होरी लागली” म्हणजे होडी बंदराला लागली. मासळी आली. मग बायका टोपल्या घेऊन धावणारच, जी आधी पोचेल तिला चांगला वाटा. माझी आई धावायची. मी तिच्या मागे धावलेय, परकर एका हातात धरून. “होरी लागली गो!” अशी हाक आली की चुलीवरचं तसंच टाकून निघायचं.

तुमच्या मुलीने चांगल्या मनाने शुद्ध केलं आणि आजीची होडीच बुडाली. राग मानू नका, पण मला वाचताना फार लागलं. आमच्या पिढीला शाळेत बोलीवरून मारलंय. ‘पानी’ म्हटलं की छडी. म्हणून आमची पोरं घरातसुद्धा आगरी बोलत नाहीत. आता कुणी लिहून घ्यायला आलंच आहे तर जसं तोंडातून येतं तसंच घ्या. खाली अर्थ लिहा, कंस करा, काय ते करा. वरचं बदलू नका.

आता एक माझ्याकडून. माझी मावशी धवलारीण आहे, वय ७४. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवला असतो आणि तो म्हणणारी ती धवलारीण. मांडवाचा वेगळा, हळदीचा वेगळा, तांदूळ कांडायचा वेगळा. पालघरकडे वारल्यांच्यात तिला धवलेरी बोलतात. तिच्या शब्दाशिवाय लग्न पुरं होत नाही. मागे एकदा दोन मुलं मावशीकडे आली होती, कुठल्या कॉलेजची ते विचारलं नाही. जुलै महिना, बाहेर मुसळधार. “आजी, एक धवला म्हणा ना, रेकॉर्ड करायचाय.” मावशीने चहा दिला, धवला म्हटला नाही. मुलांना वाटलं आजी विसरली. ती विसरली नव्हती. हळद नसताना, मांडव नसताना धवला कुणासाठी म्हणायचा? तिच्या लेखी ते देवाला बोलावून दाराशी उभं ठेवण्यासारखं आहे. तर मुलांना हेपण शिकवा की ‘म्हटलं नाही’ हीसुद्धा एक नोंद आहे. का म्हटलं नाही ते लिहा.

अजून एक काम मुलांना द्याल का? आमच्या शेतांना नावं होती. प्रत्येक तुकड्याला, प्रत्येक बांधाला, मिठागराला नाव. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जमिनीचं जे झालं ते झालं. पण नावं सातबाऱ्यावर नव्हती, ती फक्त बोलण्यात होती. माझ्या वडिलांना आमच्या बारा तुकड्यांची नावं ओळीने यायची. मला सात येतात. माझ्या मुलाला सेक्टरचा नंबर येतो.

---

नौपाड्याचे_काका

ताई, मी ठाण्यात एका ग्रंथालयात ३४ वर्षं काम करून निवृत्त झालो. तुमच्या मागच्या वह्या रद्दीत गेल्या हे वाचून रात्रभर अस्वस्थ होतो. म्हणून आधी जतनाचं सांगतो.

वह्यांना स्टेपलच्या पिना असतील तर आजच काढा. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत दोन पावसाळ्यांत त्या गंजतात आणि कागद तिथेच फाटतो. पानं सुती दोऱ्याने शिवा. लॅमिनेशन अजिबात करू नका, चिकटपट्टीही नको. पेटी जमिनीवर असेल तर खाली दोन विटा घाला. प्रत्येक वहीला क्रमांक द्या आणि एका जाड नोंदवहीत शाईने लिहून ठेवा: क्रमांक, तारीख, कोणी आणलं, कोणी सांगितलं. जिची नोंद आहे ती वस्तू सहजासहजी रद्दीत जात नाही, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. तुमच्या मागच्या वह्या गेल्या त्या कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हेत. कपाट रिकामं करणाऱ्या माणसाला त्या काय आहेत हे सांगणारा एकही कागद तिथे नव्हता.

स्कॅन करून घ्या. मुलांकडे आवाजाच्या फायली असतील तर त्या व्हॉट्सॲपवर साध्या पाठवू नका, आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मूळ फाइल कापायची नाही. आजी मध्येच थांबून सुनेला “गॅस बंद कर” म्हणाली असेल तर तेही राहू दे. आणि मुलांच्या कच्च्या नोंदी मागून घ्या. रबाळ्याच्या ताईंनी होरी पकडली, पण त्या नसत्या तर? कच्च्या कागदावर ‘होरी’च लिहिलेलं असणार, पैज लावतो.

तीन प्रती करा. एक महाविद्यालयात, एक एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात (आमच्या ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, तिथे विचारून बघा) आणि एक सांगणाऱ्याच्या घरी. ही तिसरी प्रत सगळ्यात महत्त्वाची. ती छान अक्षरात, बाइंडिंग करून, मुलाने स्वतः नेऊन द्यायची.

तुमच्या नोंदीच्या तक्त्यात नाव, वय, पत्ता आहे म्हणालात. त्याने भागायचं नाही. बायकांच्या बाबतीत माहेर आणि सासर दोन्ही हवं. ओवी, गाणं, उखाणा, पदार्थाची रीत, हे सगळं बाईबरोबर माहेराहून सासरी जातं. पत्ता कोपरखैरण्याचा, गाणं पाटण तालुक्यातलं, आणि आजीने ते तिच्या आईकडून ऐकलं, आई कुठली तर कऱ्हाडची. ही साखळी लिहिली नाही तर ते गाणं कोपरखैरण्यात आकाशातून पडल्यासारखं दिसेल. ‘तुम्ही हे कोणाकडून ऐकलंत?’ हा प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारलाच पाहिजे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त, हजारावर गावांतून. त्या कामाचं मोल नुसत्या संख्येत नाही. कोणती ओवी कोणत्या बाईने कोणत्या गावात गायली ते त्यांनी लिहून ठेवलं.

मुलांच्या हातून काय होऊ शकतं तेही सांगतो. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतल्या मुलांना असंच काम दिलं होतं. ११ ते १४ वर्षांची मुलं. घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारायचं आणि वहीत लिहायचं. सुमारे ५,००० शाळा, ५०,००० मुलं. त्या वह्या राष्ट्राच्या ठेव्यात गेल्या. सात लाखांहून जास्त पानं आज जगात कुणालाही घरबसल्या वाचता येतात. मी स्वतः उघडून पाहिली आहेत. मुलाचं अक्षर, खाली सांगणाऱ्याचं नाव आणि गाव. तुमच्या ५८ वह्या त्याच जातीच्या आहेत.

---

कळवा_ते_नेरूळ

मॅडम, त्या सात जणांचे गुण परत द्या, ही कळकळीची विनंती.

मी रोज कळव्याहून ठाणे आणि तिथून ट्रान्स हार्बरने नेरूळला जातो. अकरा वर्षं एकच डबा, एकच ग्रुप. ती पांढऱ्या साडीची बाई मी आमच्या डब्यातच किमान पाच प्रकारे ऐकलीय. एकाच्या गोष्टीत ती ट्रकवाल्याला दिसते, एकाच्या गोष्टीत रिक्षावाल्याला. आमचे सावंतकाका सांगतात तेव्हा ती पामबीचला नसतेच, घोडबंदरच्या घाटात असते आणि तिच्या हातात लहान मूल असतं. ते मूल का आलं, माहीत आहे? काकांच्या गावी हडळीची जी गोष्ट होती त्यात मूल होतं. जगभर रस्त्यारस्त्यांवर अशी वाटेत भेटून नाहीशी होणारी बाई सांगतात. गोष्ट एकच, पण सांगणारा आपलं काहीतरी त्यात घालतोच.

तुम्ही सात वह्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. कुठे दिसली, कुणाला दिसली, ती बोलली का, आणि सांगणाऱ्याने ती ‘कुणाच्या मित्राला’ दिसली म्हणून सांगितलं. या चार गोष्टी सातही ठिकाणी शब्दशः सारख्या असतील तर उतरवलंय. वेगळ्या असतील तर सातही जणांनी खरं काम केलंय. कडुनिंबाच्या नऊ वह्या आणि या सात वह्या यांत हाच फरक आहे.

आणि वस्तीचं लोकसाहित्य म्हणताय तर लोकलचा डबा विसरू नका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही डबा सजवतो, झेंडूचे हार, आरती, प्रसाद. नवीन माणसाला कोणत्या खिडकीशी उभं राहायचं ते कोण सांगतं, निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या दिवशी कुठल्या सीटवर बसवतात, त्याला काय देतात, हे कुठेच लिहिलेलं नाही. सगळ्यांना माहीत मात्र आहे.

---

जावळीची_सून

मी कोपरखैरण्यातच राहते. आमच्याही घरात माथाडीची दोन पिढ्यांची कमाई आहे. त्या आजींना मी ओळखत नाही, पण त्यांनी ‘दाखवू नको’ का म्हटलं असेल ते मला कळतं.

माझ्या सासूबाईंच्या ओव्या मी लिहून घेतल्या होत्या. अर्ध्या ओव्या भावाच्या आणि माहेरच्या वाटेच्या, त्या त्यांनी कुणालाही म्हणून दाखवल्या. अर्ध्या नणंदेच्या आणि जावेच्या. त्या जात्यावर पहाटे चार वाजता म्हटलेल्या, जेव्हा ऐकायला फक्त जातं होतं. आता त्या नणंदबाई ८० वर्षांच्या आहेत आणि दर दिवाळीला आमच्याकडे राहायला येतात. दोघी एका ताटात जेवतात. ती ओवी आज बाहेर आली तर काय होईल? जे दुःख तिने ओवीत घालून संपवलं ते पुन्हा घरात यायचं.

बाई, ती वही कपाटात ठेवू नका, स्कॅन करू नका. मुलीबरोबर आजीकडे परत पाठवा. गुण द्या, पूर्ण द्या. आणि जमलं तर स्वतः जा, हात रिकामे ठेवू नका. समजा त्या म्हणाल्या की अमुक ओव्या घ्या आणि अमुक राहू द्या, तर तेवढ्या घ्या.

---

ऐरोलीची_बाई

तुम्हा सगळ्यांना उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण तुम्ही सांगितलेलं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

होरीपासून सांगते. त्या विद्यार्थिनीला कच्चे कागद आणायला सांगितले. काका, पैज तुम्ही जिंकलात. वहीच्या फाडलेल्या पानावर निळ्या पेनने ‘खारीला होरी लागायची’ असंच आहे. पक्कं लिहिताना तिने दोन्ही शब्द दुरुस्त केले, कारण मी वर्गात शुद्धलेखनाचे गुण वेगळे ठेवले होते. चूक तिच्याकडून झाली, पण ती माझ्यामुळे झाली. माझा शेरा खोडला आणि त्याखाली खरी गोष्ट लिहिली. आम्ही दोघी त्या आजींकडे जाऊन आलो. मी ‘होरी’ म्हटल्यावर आजी उठून बसल्या आणि पाऊण तास बोलत होत्या. आता ती नोंद सणांच्या भागातून काढून वस्तीच्या भागात घातली आहे, आजींच्या शब्दांत, खाली अर्थासकट. पुढच्या वर्षीपासून शुद्धलेखनाचे गुण या प्रकल्पात नसतील.

सात वह्या शेजारी ठेवल्या. दोन खरंच सारख्या निघाल्या, त्या दोघी बहिणी आहेत आणि त्यांनी एकाच मामाकडून ऐकलंय. बाकी पाच वेगळ्या. एकात ती बाई पत्ता विचारते आणि पत्ता एका गावठाणातल्या घराचा असतो, जे पाडून तिथे इमारत झाली आहे. हे मी पहिल्या वाचनात पाहिलंच नव्हतं, ‘पांढरी साडी’ दिसल्यावर पान उलटलं होतं. सातही जणांचे गुण परत दिले आणि वर्गात का दिले तेही सांगितलं.

कोपरखैरण्याला गेले. खण-नारळ नेला. आजींनी वही उघडली नाही, मांडीवर ठेवून वरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, भावाच्या ११ घे, बाकीच्या माझ्याबरोबर राहू दे. त्या ११ नातीने माझ्यासमोर नव्या कागदावर उतरवल्या. आजींचं माहेर, सासर, आणि ओव्या त्यांच्या चुलत्याच्या बायकोकडून आल्या, हेही लिहिलं. मूळ वही तिथेच ठेवून आले.

पिना काढल्या, नोंदवही घातली. एक ते ५७ क्रमांक, आणि एका क्रमांकापुढे ‘घरी परत’. वाशीगावच्या आजोबांना त्यांच्या नातवाने बाइंडिंग केलेली प्रत नेऊन दिली. त्यांनी पाऊणकी पुन्हा तपासली. आणखी एक चूक सापडली.

रबाळ्याच्या ताई, शेतांच्या नावांचं काम पुढच्या सत्रात नक्की देते. तुमची सात नावं मला पाठवाल का? उरलेल्या पाचांसाठी तुमच्या वडिलांच्या वयाचं गावात कुणी असेल तर मुलांना त्यांच्याकडे पाठवेन. आणि मावशींकडे यायची फार इच्छा आहे. धवला ऐकायचाच असं नाही, नुसतं भेटायला.

---

रबाळे_गावठाण

सात नावं वेगळी पाठवते, तुकड्याच्या आकारासकट. उरलेल्यांसाठी घणसोलीत माझे एक चुलते आहेत, ८८ वर्षांचे. त्यांच्याकडे सकाळी यायचं, दुपारनंतर ते झोपतात.

मावशीला विचारलं. तुळशीचं लग्न झालं, आता लगीनसराई सुरू. पुढच्या महिन्यात आमच्या भाच्याची हळद आहे. ती म्हणाली, “येऊ दे त्यांना, पण मांडवात बसा. खुर्चीवर नको.” मुलींनी हळदीला हात लावायचा, मुलांनी पंगतीत वाढायचं. फोन खिशात. पहिले दोन धवले नुसते ऐकायचे, मग ती स्वतः सांगेल तेव्हा फोन काढायचा. किती जण आहात?

---

ऐरोलीची_बाई

पाच मुली, दोन मुलगे आणि मी. मावशींची ओटी भरायची असेल, तर खणाचा रंग कोणता चालेल तेवढं सांगा.